फेझंटसाठी काडतूस कोणतं? आधी अंतर ठरवा, मग नंबर

ठाण्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ‘मी पाच वर्षं ट्रॅप शूटिंग, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडण्याची नेमबाजी, करतो. सरावाला दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजवर जातो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेत, साऊथ डकोटात, बहिणीकडे चाललोय. मेहुण्यांच्या ओळखीच्या शेतावर दोन दिवस फेझंटची, म्हणजे रानकोंबड्याच्या कुळातल्या एका पक्ष्याची, रीतसर शिकार आहे. बंदूक त्यांचीच, बारा बोअरची. घरात एक जुनी, बारीक नळीची वीस बोअरही आहे. दुकानात छर्ऱ्यांचे चार, पाच, सहा, साडेसात असे नंबर, वर शिशाऐवजी स्टील आणि बिस्मथ हे धातू. माझा हात ट्रॅपच्या २४ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसांवर बसलाय, तीच वापरू का? की सगळ्यात जोरदार तीन इंची घेऊन टाकू?’

तुम्ही नंबर विचारलाय आणि तो मी देणारच आहे. पण खरा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. तुम्हाला असं काडतूस हवंय, की ज्याने पक्षी एका बारात जागच्या जागी मरेल, आणि मरणार नसेल तिथे तुम्ही चापच ओढणार नाही. जखमी होऊन गवतात पळालेला पक्षी ही या खेळातली सगळ्यात वाईट गोष्ट. काडतुसाची निवड ती टाळण्यासाठी करायची, बाकी सगळं दुय्यम.

मी मुंबईत गेली सव्वीस वर्षं ट्रॅप शिकवतो. थोरला भाऊ साऊथ डकोटात स्थायिक आहे, म्हणून आठ हंगाम तिथल्या मक्याच्या आणि गवताच्या रानात काढलेत. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं बनतात त्याच कारखान्यात, त्यामुळे काडतूस कापून आत काय असतं ते मी शाळेत असतानाच पाहिलं होतं. पुढचं सगळं या अनुभवातून आलेलं आहे.

आधी कायद्याचं. इथे कुणी वाचून सह्याद्रीतल्या रानकोंबड्याचा विचार मनात आणत असेल तर तो तिथेच सोडावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. रानकोंबडा आणि मोर हे फेझंटचेच भाऊबंद आहेत, आणि ते जंगलात आहेत तसेच राहिले पाहिजेत. तिकडची गोष्ट निराळी. तिथला फेझंट मुळात आशियातला, चीनमधून १८८१-८२ च्या सुमारास ओरेगॉनमध्ये नेऊन सोडलेला. साऊथ डकोटात त्याचा पहिला हंगाम १९१९ साली झाला आणि आज तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. रोज माणशी तीन, आणि फक्त नर. मादी मारणं गुन्हा. बार सकाळी दहाच्या आधी टाकायचा नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या मेहुण्यांना कदाचित सुचणार नाही, कारण ते तिथले रहिवासी आहेत. व्हिजावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. तिथला वैध शिकार परवाना हातात असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणजे क्रम असा: आधी परवाना काढा, तो खिशात ठेवा, आणि मगच काडतुसांच्या दुकानाची पायरी चढा. ‘नुसती हातात धरून बघ’ म्हणून कुणी बंदूक पुढे केली तरी परवाना नसताना नाही म्हणा.

आता अंतर. ट्रॅपवाल्याला मीटर कळतात, पण रानात ते डोळ्यांत उतरत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांना मी शिवाजी पार्कला नेतो, बंदुकीशिवाय. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, साधारण २० मीटर. एका स्टंपापाशी उभं राहून समोरच्या स्टंपाकडे बघा: कुत्र्याने दाबून धरलेला फेझंट उडाला तर बऱ्याचदा बार एवढ्यावरच होतो. दीड खेळपट्टी म्हणजे ३३ यार्ड. नोव्हेंबरात बहुतेक संधी या एक ते दीडच्या मधे मिळतात. दोन खेळपट्ट्या म्हणजे ४४ यार्ड, आणि तिथे मी बार टाकत नाही. काडतूस तिथवर पोचतं, माझा हात पोचत नाही. पाच वर्षं ट्रॅप केलेल्या, पण उडता पक्षी एकदाही न मारलेल्या माणसाने ३५ यार्डांवर रेघ मारावी असं माझं स्पष्ट मत आहे. रेघ मारली की काडतुसाची निवड सोपी होते.

ट्रॅपची काडतुसं का नकोत, ते मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्या हंगामात मीही साडेसात नंबरच घेऊन उतरलो होतो. पहिल्या दिवशी दुपारी एक नर तिरका उठला, तीसेक यार्डांवर मी बार टाकला, पिसं उडाली, पक्षी पाय लोंबकळत खाली आला आणि पाणकणसाच्या दाटीत शिरला. कुत्रीने ती पाणथळ चाळीस मिनिटं नाकाने पालथी घातली. तिच्या पोटाखालचे केस बर्फाने कडक झाले होते. पक्षी मिळाला नाही. संध्याकाळी भावाच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने दुसरा एक पक्षी सोलताना मला मोरीपाशी बोलावलं आणि सुरीच्या टोकाने छातीतला छर्रा काढून दाखवला. माझाच साडेसातचा छर्रा होता तो. भोवती पिसांची गुंडाळी झालेली, आणि कातडीखाली जेमतेम अर्धा बोट जाऊन थांबलेला. त्याने पाच नंबरच्या काडतुसांचा डबा माझ्या हातात ठेवला आणि काही बोलला नाही.

कारण साधं आहे. क्लेची तबकडी एका छर्ऱ्याने फुटते आणि एक कपचा उडाला तरी पंच गुण देतो. फेझंटचा नर किलो-सव्वा किलोचा, दाट पिसांचा, आणि तुमच्यापासून दूर जात असतो. म्हणजे छर्ऱ्याला पाठीकडून शिरून, आतडी ओलांडून काळजापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत जायचं असतं, नाहीतर पंखाचं हाड मोडायचं असतं. शिशाचा साडेसातचा छर्रा साधारण ०.०८ ग्रॅमचा. पाच नंबरचा ०.१७ ग्रॅमचा, म्हणजे दुप्पट. जड छर्रा वेग धरून ठेवतो, हलका हवेतच दमतो. ट्रॅपला लागते संख्या. इथे संख्या लागतेच, पण शिवाय प्रत्येक छर्ऱ्यात आत जायची ताकद लागते.

नंबर उलटे चालतात हे तुम्हाला माहीत असेल: नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. अमेरिकन पद्धतीत लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती आहे. १७ मधून नंबर वजा करा, उरेल तो इंचाच्या शंभराव्या भागांत छर्ऱ्याचा व्यास. पाच नंबर म्हणजे ०.१२ इंच, सहा म्हणजे ०.११, चार म्हणजे ०.१३. इंग्रजी पद्धतीचे नंबर याच्याशी जुळत नाहीत. इंग्रजी पाच म्हणजे २.८ मिलिमीटर, जो अमेरिकन सहाच्या बरोबरीचा. कुणी इंग्लंडच्या अनुभवावरून सल्ला दिला तर हे ध्यानात ठेवा, कारण दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील आणि तुमची काडतुसं मात्र चुकतील.

आता हिशेब. सव्वा औंस, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम, शिसं घेतलं तर चार नंबरचे १७० च्या आसपास छर्रे बसतात, पाचचे २१०, सहाचे २८०. मॉडिफाइड चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळपणा, मॉडिफाइड म्हणजे मध्यम) ४० यार्डांवर यातले साधारण साठ टक्के छर्रे ३० इंचांच्या वर्तुळात जातात. म्हणजे चारचे सुमारे १००, पाचचे १२५, सहाचे १७०. फेझंटसाठी त्या वर्तुळात शंभराच्या खाली छर्रे गेलेले मला चालत नाहीत, मधे इतकी मोकळी जागा पडते की पक्षी तिच्यातून सुटतो किंवा एक-दोन छर्रे घेऊन जखमी जातो. चार नंबर त्या काठावर उभा आहे. सहा संख्येत श्रीमंत आहे, पण दूर जाणाऱ्या पक्ष्यावर तिशीच्या पुढे मला त्याची खात्री वाटत नाही. पाच दोन्हीकडून पुरतो. म्हणून एकच डबा घ्यायचा असेल तर माझं उत्तर: बारा बोअर, पावणेतीन इंच, सव्वा औंस, शिशाचा पाच नंबर, वेग सेकंदाला १,३०० फुटांच्या आसपास.

हे परिस्थितीवर अवलंबून आहे, ते कसं तेही सांगतो. हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. तेव्हा त्या वर्षीची पिल्लं नुकती मोठी झालेली असतात, दबून बसतात आणि पायाखालून उठतात. तिथे सहा नंबर उत्तम. तुम्ही जाल तेव्हा त्याच रानावर महिनाभर बार झालेले असतील. शहाणे नर आधी पळतात, मग लांबून उठतात, थंडीने पिसंही दाट झालेली असतात. म्हणून पाच. बर्फ पडून रान उघडं झालं असेल आणि सगळे लांबूनच उठत असतील तर दुसऱ्या नळीत चार ठेवा, पण ३५ ची रेघ हलवू नका. आणि मेहुण्यांना एक नक्की विचारा: पक्षी रानात वाढलेले आहेत की खुराड्यात वाढवून सोडलेले? सोडलेले असतील आणि पुढे थबकून इशारा देणारा कुत्रा असेल तर सहाने काम भागतं.

तीन इंची काडतुसाबद्दल. त्यात जास्त शिसं असतं हे खरं, पण धक्काही तितकाच जास्त. २४ ग्रॅमवर बसलेला खांदा ५० ग्रॅमच्या आसपासच्या काडतुसाला दुसऱ्याच बाराला बिचकतो, आणि बिचकलेला माणूस चाप ओढताना नळी थांबवतो. बंदूक हलकी असेल तर आणखीच. पक्षी चुकतो तो बहुतेक वेळा नळी थांबल्यामुळे, शिसं कमी पडल्यामुळे नव्हे. शिवाय चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीची मागची जागा, बघा. नळीवर कोरलेलं असतं: अडीच, पावणेतीन की तीन इंच. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर उघडलेल्या टरफलाची असते. त्यामुळे लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये आरामात बसतं आणि तिथेच माणूस फसतो. बार होताना दुमडलेलं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय, असं बंदुकीच्या बाबतीत कधी धरू नये.

चोक आणि कागद यांच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण डब्यावरचा मजकूर वाचून पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, कळत नाही. परवाना खिशात आल्यावर एक सकाळ यासाठी राखून ठेवा. चार फुटी खाकी कागद ताणून लावा, मधे मार्करने टिंब काढा, ३० यार्डांवर उभे राहा आणि टिंबावर नेम धरून एक बार टाका. मग छर्ऱ्यांची जिथे सगळ्यात दाटी झाली आहे तिथे मध्य धरून ३० इंचांचं वर्तुळ काढा. एका सुतळीला १५ इंचांवर गाठ मारली की कंपास तयार. नव्या कागदावर पुन्हा, असे प्रत्येक चोकचे तीन. दोन गोष्टी बघायच्या. वर्तुळाचा मध्य टिंबापासून किती सरकलाय, कारण बंदूक तुमच्या मापाची नाही आणि ती वर किंवा डावीकडे मारत असेल. आणि वर्तुळात तळहाताएवढ्या रिकाम्या जागा किती आहेत. त्या बऱ्याच असतील तर चोक बदला, नाहीतर दुसऱ्या बनावटीचं काडतूस घ्या. एकाच नंबरच्या दोन डब्यांचे कागद शेजारी ठेवले तर एकाच बंदुकीत वेगळे निघतात हे मी कित्येकदा पाहिलंय. दोन नळ्यांच्या बंदुकीत मी पहिल्या नळीला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (त्याहून मोकळा चोक) आणि दुसरीला मॉडिफाइड ठेवतो. फुल, म्हणजे आवळ चोक ट्रॅपला ठीक, इथे २० यार्डांवर तो एकतर चुकवतो किंवा पक्ष्याचा चेंदा करतो.

शिसं की स्टील, हे तुम्ही कुठे उभे राहणार त्यावर ठरतं. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे, कारण तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत. साऊथ डकोटात खाजगी शेतावर फेझंटसाठी शिसं चालतं, पण बहुतेक सरकारी रानांत बिनविषारी छर्राच लागतो. आणि दोन्हींच्या मधे कित्येकदा एक तारेचं कुंपण असतं. मेहुण्यांना नकाशावर बोट ठेवून विचारा. दोन्हीकडे पाय पडणार असेल तर शिसं घेऊच नका.

स्टील घेताना नंबर दोनाने खाली उतरवा: शिशाच्या पाचऐवजी स्टीलचा तीन, सहाऐवजी चार. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८ च्या आसपास. तेवढ्याच आकाराचा स्टीलचा छर्रा हलका पडतो, म्हणून आकार वाढवायचा. स्टील चपटत नाही, पॅटर्न आवळून जातो, त्यामुळे चोक एक पायरी मोकळा ठेवा. आणि जुन्या, आवळ चोकच्या बंदुकीत स्टील अजिबात नको, नळीला इजा होते. तिथे बिस्मथ. त्याची घनता ९.६, छर्रा मऊ, जुन्या नळ्यांना मानवतो. महाग आहे, पण दोन दिवसांच्या शिकारीला लागतात किती? मी स्वतः गेले तीन हंगाम खाजगी शेतावरही बिस्मथचा पाच नंबर वापरतोय. भावाच्या घरी फेझंटचा रस्सा लहान मुलंही खातात, आणि शिशाचा कण मुलांच्या ताटात जायला नको हे मला पटलेलं आहे. छर्रा कुठलाही असो, मांस शिजवायच्या आधी जखमेची जागा बोटांनी चाचपून बघा. पीस आत ओढलं गेलेलं दिसलं की त्याच्या टोकाशी छर्रा असतो.

वीस बोअर वाईट नाही. एक औंस पाच नंबर म्हणजे १७० छर्रे. ३० यार्डांच्या आत ती पुरेशी आहे आणि दिवसभर हातात हलकी. पण तुम्ही बारा घेणार असाल तर त्या दिवशी वीसची काडतुसं गाडीतसुद्धा ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं. वरून पाहिलं तर चेंबर रिकामी दिसते, माणूस बाराचं काडतूस भरतो, आणि बार होताच नळी फुटते, डावा हात जिथे धरलेला असतो नेमकी तिथे. वीसची टरफलं पिवळी करतात ती याच कारणासाठी. खिसे रोज सकाळी उलटे करून रिकामे करा.

एक गोष्ट काडतुसाची नाही, पण तुमच्या ट्रॅपच्या सवयीमुळे ती काडतुसावर परिणाम करते. तबकडी सुटते तेव्हा सगळ्यात वेगात असते आणि पुढे मंदावते, म्हणून तुम्ही लवकर मारायला शिकलात. फेझंट उलटा. तो फडफडाट करत जवळजवळ सरळ वर उठतो, मग वेग घेतो. तुम्ही १२ यार्डांवर बार टाकाल आणि उत्तम काडतुसाने पक्ष्याची चाळण कराल. बंदूक खांद्याला लावून चालायचं नसतं. पक्षी उठला की आधी मानेवरचं पांढरं कडं आणि लांब शेपूट बघा, नर असल्याची खात्री करा, पक्ष्याच्या पायामागे आभाळ दिसतंय की कुत्रा ते बघा, आणि मग खांद्याला लावा. एवढं होईस्तोवर तो आपोआप वीस-पंचवीस यार्डांवर गेलेला असतो, नेमका तुमच्या पॅटर्नच्या अंतरावर.

थोडक्यात खरेदी अशी: फक्त खाजगी शेत असेल तर पाच नंबर शिसं, पंचवीसचे तीन डबे रानासाठी आणि एक कागदासाठी. सरकारी रान असेल तर नव्या बंदुकीत स्टीलचा तीन, जुन्या बंदुकीत बिस्मथचा पाच. तीन इंची दुकानातच राहू द्या.

काडतुसं तिथेच विकत घ्या, इथून काही नेऊ नका. आणि जाताना ट्रॅपची बॅग किंवा जॅकेट नेणार असाल तर निघायच्या आदल्या रात्री ते अंथरुणावर झटका, अस्तराच्या शिवणीत बोट घाला, प्रत्येक खिसा बाहेर काढा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या जॅकेटच्या फाटक्या अस्तरात मागच्या स्पर्धेतलं एक जिवंत काडतूस राहिलं होतं. मुंबई विमानतळावर ते एक्स-रेमध्ये दिसलं, आणि परवानाधारक असूनही त्याची रात्र पोलीस ठाण्यात शस्त्र कायद्याच्या कागदपत्रांत गेली. विमान गेलं ते वेगळंच. रिकामं टरफलसुद्धा खिशात ठेवू नका.